तीर्थाने पुसलेला फोटो

वेदश्रीच्या हॉल तिकिटावरचा फोटो तीर्थाने पुसला गेला, असं गलगलींच्या घरात ठरून गेलं. कुणी बसून ठराव केला नव्हता. पितृपक्षाच्या आधीच्या रविवारी वेदश्री परीक्षा न देताच हुबळीहून परत आली, प्लॅस्टिकच्या कव्हरातून जांभळा-निळा झालेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई, तुझ्या तीर्थानं माझी परीक्षा गेली." मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जयलक्ष्मी त्या कागदाकडे बघत उभी राहिली. शेजारी तिचा नवरा प्रभंजनही उभा होता, आणि त्याला त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. ते तो बोलला नाही.

प्रभंजन हा पाठकोऱ्या कागदाचा माणूस. पाटबंधारे खात्याच्या धारवाडच्या ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून तो निवृत्त झाला, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की गलगलींनी खात्याची एक टाचणीसुद्धा वाया जाऊ दिली नाही. लोक हसले. प्रभंजनला ते हसणं कौतुकाचं वाटलं आणि घरी येऊन त्याने ते तीनदा सांगितलं. जुनं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवायचं, साबणाची चीप नव्या साबणाला जोडायची, लग्नपत्रिकेच्या मागे किराणाची यादी लिहायची, हे त्याचं आयुष्यभर चाललं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त जिथे दोन गोष्टी सारख्या दिसतात, तिथे स्वस्त ती शहाण्याची, एवढं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

घरात प्रिंटर आला तो वेदश्रीसाठी. ती कलघटगीच्या सरकारी कॉलेजात इतिहास शिकवायची, पण अतिथी व्याख्याता म्हणून. म्हणजे वर्षाला नेमणूक, वर्षाला निरोप, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत पगार नाही. बारा वर्षं ती रोज सकाळी बसने जायची आणि संध्याकाळी यायची. तिच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, मुलांचे तक्ते, सगळं त्या प्रिंटरवर निघायचं. कंपनीची शाई संपली तशी प्रभंजन नवी आणायला गेला आणि किंमत ऐकून हात हलवत परत आला.

"शाई आहे का केशर?" त्याने जयलक्ष्मीला विचारलं.

मग कुणीतरी त्याला हुबळीच्या उणकल भागातल्या रवीचा पत्ता दिला. रवीचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं, तळ्याच्या रस्त्याला, एका नव्या अपार्टमेंटच्या खाली. चाळिशीचा, कामाला चोख माणूस. त्याच्याकडे निम्म्याहून कमी भावात दुसऱ्या कुणा कंपनीची कार्ट्रिजं मिळायची. प्रभंजनने काळं आणि रंगीत, दोन्ही घेतली. पिशवीत घालता घालता रवी म्हणाला, "सर, एक सांगून ठेवतो बघा. ही शाई दिसायला झकास येतेय, पण पाणी लागलं की सुटतेय. नोट्सला चालतंय, पोरांच्या प्रोजेक्टला चालतंय. सर्टिफिकेट, कोर्टाचं, असलं काय ह्याच्यावर काढू नका."

"कागदाला आंघोळ कोण घालतंय, रवी?" प्रभंजन म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन चिगरी, म्हणजे हुबळी-धारवाडची जलद बस, धरून धारवाडला आला.

घरी कार्ट्रिज बसवलं तर प्रिंटर कुरकुरला. पडद्यावर पाटी आली, की ही शाई आमच्या कंपनीची नाही, तरी चालू ठेवायचं का? प्रभंजनने 'हो' दाबलं. यंत्रालासुद्धा मालकाची भलामण करायला शिकवलंय, असं तो म्हणाला. त्यानंतर दर वेळी ती पाटी यायची आणि दर वेळी तो 'हो' दाबायचा, आणि त्याला त्यात थोडी मजाच यायची.

आता त्या परीक्षेचं सांगायला हवं. कायम प्राध्यापकांच्या जागा भरायच्या म्हणून सरकारने कितीतरी वर्षांनी परीक्षा काढली होती. पुढची कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जेव्हा निघेल तेव्हा वेदश्रीचं वय अटीच्या पलीकडे गेलेलं असणार हे मात्र नक्की होतं. म्हणजे ही शेवटचीच. वर्षभर ती पहाटे चारला उठायची, बसमध्ये वाचायची. एका ठिकाणी लग्नाचं जुळत आलं होतं, तेही तिने परीक्षेनंतर बघू म्हणून थांबवलं. हॉल तिकीट आलं त्या दिवशी तिने वडिलांना विचारलं, "अप्पा, तिकीट बाहेर लेझरवर काढून आणू काय?"

"घरात प्रिंटर असताना बाहेर कशाला? कलर कसं येतंय बघ की."

कलर खरंच छान आलं. फोटोतली तिची निळी साडी निळी, कुंकू लाल. खाली नंबर, बाजूला चौकटी-चौकटींचा कोड. प्रभंजनने तो कागद खिडकीपाशी नेऊन दोनदा बघितला.

गलगलींच्या घरात महत्त्वाच्या कागदाला तीर्थ लावायची पद्धत होती. ही जयलक्ष्मीने माहेरून आणलेली. हॉल तिकीट, बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक, पहिल्या पगाराची स्लिप, जे काही घरात नवं येईल ते आधी देवापुढे जायचं. सकाळी प्रभंजन सोवळ्याने पूजा करायचा, शाळिग्रामाला अभिषेक करून तीर्थ काढायचा, आणि मग जयलक्ष्मी त्या तीर्थात तुळशीचं पान बुडवून कागदावर नावाच्या जागी ठेवायची, वर मंत्राक्षतेचे चार दाणे. वेदश्रीच्या दहावीपासून एकही परीक्षा त्याशिवाय झाली नव्हती. ती सगळी जुनी तिकिटं देव्हाऱ्याखालच्या खणात होती, प्रत्येकावर पानाचा तपकिरी ठसा घेऊन.

त्या रविवारीही तसंच झालं. तीर्थ प्रभंजनने काढलं, पान जयलक्ष्मीने ठेवलं. पान जरा जास्तच ओलं होतं, कारण त्या दिवशी तिला जास्तच लावावंसं वाटलं. वेदश्रीने नमस्कार केला. बाहेर आभाळ भरून आलं होतं, म्हणून प्रभंजनने घाईघाईने तिकीट प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं आणि वरून चिकटपट्टी लावली. भिजू नये म्हणून. आतली ओल आतच राहिली आणि हुबळीपर्यंत आपलं काम करत गेली.

केंद्राच्या फाटकावर कव्हर उघडलं तर वेदश्रीच्या चेहऱ्याच्या जागी जांभळा डाग होता आणि कोडच्या चौकटी एकमेकींत मिसळल्या होत्या. यंत्र तो कोड वाचेना. तिने आधार कार्ड दाखवलं, हात जोडले. तिथला अधिकारी काही वाईट बोलला नाही. नवी प्रत आणा, फाटक बंद व्हायच्या आत आणा, एवढंच म्हणाला. रविवारची सकाळ, दुकानांची शटरं ओढलेली. एक उघडं दुकान सापडलं तिथे नेट चालेना. प्रत हातात पडून ती रिक्षाने परत पोचली तेव्हा फाटक बंद होऊन सात मिनिटं झाली होती. आतून घंटा वाजलेली तिला ऐकू आली.

त्या दिवशी संध्याकाळी प्रभंजन प्रिंटरच्या खोलीत गेला. वेदश्रीचं तिकीट त्याने पुन्हा काढलं, पडद्यावरच्या पाटीला 'हो' म्हटलं, आणि कागदावर बोटाने पाण्याचा एक थेंब टाकला. थेंबाखाली गाल सुटला, मग कानाकडे निळा ओघळ गेला. मग त्याने खणातून सहा वर्षांपूर्वीचं एक तिकीट आणलं, याच प्रिंटरवर पण कंपनीच्या शाईने काढलेलं, आणि त्यावर थेंब टाकला. कडेला जराशी छटा उमटली. चेहरा जागच्या जागी राहिला.

त्याला रवीचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. पाणी लागलं की सुटतेय. कागदाला आंघोळ कोण घालतंय म्हणून तो हसला होता, आणि त्याच्या घरात तर प्रत्येक मोठ्या कागदाला देवापुढे आंघोळ होती. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, तीर्थ म्हणजे पाणी हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुंज झाल्यापासून रोज सकाळी तो ते स्वतःच्या हाताने करत आला होता, आणि एकदाही त्याला पाणी म्हणाला नव्हता. शाई त्याची, तीर्थ त्याचं, प्लॅस्टिक त्याचं. जयलक्ष्मीचं काय, तर एक तुळशीचं पान.

हे जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. तो उठलाही. पण बाहेर वेदश्रीच्या रडण्याचा आवाज येत होता आणि जयलक्ष्मी दाराशी बसून "वेदू, दार उघड ग" म्हणत होती. त्याने मनाशी म्हटलं, आत्ता नको, जरा शांत होऊ दे. भिजलेला कागद त्याने चुरगाळून खिशात घातला. ऑफिसात एखादी फाइल आज नको उद्या बघू म्हणून ठेवली की ती कशी तळाशी जाते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तसंच झालं. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा.

या आठवड्यांत जयलक्ष्मीचं जे झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा बेंगळुरूहून मुलाचा, श्रीवत्सचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "आई, काय गरज होती ग पाणी शिंपडायची? कोण करतंय आजकाल असलं?" जयलक्ष्मी म्हणाली, "चुकलं रे." प्रभंजन शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसला होता. पेपरातली एक ओळ त्याने तोपर्यंत सहा वेळा वाचली होती.

मग त्याची बहीण उत्तरा पितृपक्षातल्या स्वयंपाकाला आली आणि वाढता वाढता म्हणाली, "वैनी, भक्ती असावी, पण बेतानं. पोरीच्या जन्माचं नुकसान झालं की." जयलक्ष्मीने पातेलं खाली ठेवलं आणि ती परसात गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. उत्तरा म्हणाली, "इरली बिडु, असू दे, मी आपलं सहज बोलले." प्रभंजन श्राद्धाच्या पानावर बसला होता. त्या पानावर बोलायचं नसतं, हे कारण त्या दिवशी त्याच्या फार कामी आलं.

नवरात्रात खंडेनवमी आली. घरातल्या यंत्रांची, पुस्तकांची पूजा. दर वर्षी जयलक्ष्मी मिक्सरपासून वेदश्रीच्या पुस्तकांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायची, पान ठेवायची. या वर्षी ती म्हणाली, "तुम्हीच करा. माझ्या हातनं नको." आणि ती पुस्तकांपासून दोन हात लांब, भिंतीला टेकून बसली. प्रभंजनने पुस्तकांना फूल वाहिलं, शिलाई मशीनला वाहिलं, आणि प्रथेप्रमाणे प्रिंटरलाही झेंडूचं एक फूल वाहिलं. ते वाहताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मंत्र मध्येच अडला. जयलक्ष्मीला वाटलं त्याला ठसका लागला. तिने पाणी आणून दिलं.

सगळ्यात वाईट रोजची सकाळ होती. पूजा झाली की तो तीर्थाचं भांडं घेऊन उभा राहायचा आणि ती समोर येऊन तळहात पुढे करायची. पळीने तीनदा तीर्थ द्यायचं, तिने प्यायचं, उरलेला ओला हात डोळ्यांना, डोक्याला लावायचा. लग्न झाल्यापासून असंच. आता ती तीर्थ प्यायची आणि हात पदराला खसखसून पुसायची. पार कोरडा होईपर्यंत. मग वीज बिलाला हात लावायची वेळ आली तरी पुन्हा पुसायची. पोस्टमनने दिलेला कागद ती चिमटीत धरून आणून टेबलावर ठेवायची. प्रभंजन ते बघायचा आणि दर सकाळी ठरवायचा की आज सांगायचं.

वेदश्री आईशी बोलायची, पण कामापुरतं. डबा झाला काय, चार्जर कुठे आहे, एवढंच. दसऱ्यानंतर तिने ठरवलं की परीक्षा मंडळाला अर्ज करायचा. मिळणार काही नाही हे तिला ठाऊक होतं, पण तिच्याबरोबर कॉलेजात शिकवणाऱ्या पल्लवीने, जिचा नवरा वकील होता, सांगितलं की निदान कागद जाऊ दे, वयाच्या अटीत पुढे कधी सूट मागायला उपयोगी पडेल. रात्री जागून वेदश्रीने अर्ज लिहिला, वडिलांच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि सकाळी बसला जाता जाता म्हणाली, "अप्पा, तेवढा प्रिंट काढून ठेवा. संध्याकाळी सही करते. आईचीपण एक सही लागतेय, साक्षीदार म्हणून."

प्रभंजनने अर्ज उघडला. वेदश्रीचं लिहिणं स्वच्छ, मोजकं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, की परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या आईने धार्मिक समजुतीतून प्रवेशपत्रावर पाणी शिंपडल्यामुळे ते खराब झाले. खाली जागा सोडलेली होती. वरील मजकूर खरा आहे. सौ. जयलक्ष्मी प्रभंजन गलगली.

त्याने प्रिंटचं बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली. ही शाई आमच्या कंपनीची नाही, तरी चालू ठेवायचं का?

इतके दिवस 'हो' म्हणणारं त्याचं बोट तिथे थांबलं. स्वयंपाकघरात जयलक्ष्मी ताक घुसळत होती. संध्याकाळी तिच्यापुढे हा कागद ठेवला की ती चष्मा लावून सगळा वाचेल आणि सही करेल. एका शब्दालाही हरकत घेणार नाही. ते सरकारदरबारी कायमचं जाऊन बसेल. पस्तीस वर्षं त्याने अशाच कागदांवर खात्री करून शिक्के मारले होते. त्याने 'नाही' दाबलं, अर्ज पेन ड्राइव्हवर घेतला आणि चप्पल घातली.

रवीच्या दुकानात बसून त्याने तिसरा परिच्छेद खोडला आणि नवा लिहिला. रवीने लेझरवर प्रत काढता काढता सहज वाचला आणि त्याचा हात थांबला.

"सर, पाणी लागलं काय हो?"

"पाणी नव्हे. तीर्थ लागलं."

"तीर्थ म्हणजे पाणीच की सर," रवी म्हणाला. मग त्याला ते बोलायला नको होतं असं वाटलं असावं, कारण तो खाली बघून कागद जुळवू लागला. "मी तुम्हाला त्या दिवशी अजून एकदा सांगायला पाहिजे होतं."

"तू सांगितलंस. मी ऐकलं नाही. असंच आहे ते."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते इतकं सोपं निघालं याचंच त्याला नवल वाटलं. दुकानात बोलायला सोपं होतं. रवी त्याची बायको नव्हता.

संध्याकाळी वेदश्री आली. त्याने तिला प्रिंटरच्या खोलीत बोलावलं आणि कागद दिला. नवा परिच्छेद असा होता, की माझ्या वडिलांनी दुकानदाराने सावध करूनही हलक्या प्रतीची शाई वापरून प्रवेशपत्र छापले, त्यामुळे ते किंचित ओल लागताच खराब झाले. साक्षीदाराच्या जागी त्याने स्वतःचं नाव घातलं होतं आणि सही केली होती.

वेदश्रीने ते दोनदा वाचलं. "हे खरं आहे?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. बाहेर काढू काय म्हणून."

"हो. विचारलं होतंस."

ती खुर्चीत बसली. प्रभंजनला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती कागदाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भलतंच काहीतरी होतं. "मी आईशी महिना झाला धड बोलले नाही, अप्पा," ती म्हणाली. मग कागद त्याच्याकडे परत केला. "आधी तिला सांगा. तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. मग मी सही करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर प्रभंजनने देवापुढच्या पाटावर दोन कागद मांडले. एक खणातलं सहा वर्षांपूर्वीचं तिकीट, दुसरं घरच्या प्रिंटरवर नव्याने काढलेलं. दोन्हींवर वेदश्रीचा चेहरा. मग त्याने जयलक्ष्मीला हाक मारली. वेदश्री डब्याची पिशवी घेऊन दाराशी थांबली होती.

"हे काय?" जयलक्ष्मी म्हणाली.

"दोन्हीवर पान ठेव."

"माझ्या हातनं नको म्हटलं की."

मग त्यानेच पानं बुडवली आणि ठेवली, सारखी ओली, सारख्या जागी. तिघं जण बघत राहिले. जुन्या कागदावर पान नुसतं चिकटून बसलं. नव्यावर पानाखालून जांभळी रेघ निघाली, हनुवटीवरून खाली उतरली आणि नंबरात शिरली.

"तीर्थ तेच आहे," प्रभंजन म्हणाला. "शाई माझी हलकी होती. पाण्याला टिकत नाही म्हणून रवीनं सांगितलं होतं मला. मी मनावर घेतलं नाही. तुझ्या पानानं काही झालं नाही."

जयलक्ष्मी खाली बसली. तिने नव्या कागदावरचं पान उचललं, खालचा डाग बघितला, पान परत ठेवलं. "तुम्हाला कधी कळलं?"

काल, असं त्याच्या जिभेवर आलं. अगदी टोकाला आलं. काल म्हटलं असतं तर सगळं बरंच सावरलं असतं.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी."

"म्हणजे श्रीवत्सचा फोन आला तेव्हा?"

"हो."

"उत्तरावन्सं बोलल्या तेव्हा?"

"हो."

"खंडेनवमीला मी भिंतीला बसले होते."

त्याने मान हलवली. बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली आणि वाजत राहिली, आणि कुणीच उठलं नाही.

"माझं चुकलं," प्रभंजन म्हणाला.

"शाई घेतली ते चुकलं, ते असू दे," ती म्हणाली. "कुणाचंही होतंय. मी कधी बोलले असते काय तुम्हाला?" तिचा आवाज चढला नाही. "रोज सकाळी मी हात पुसायची. तुम्ही समोर उभं राहून बघायचा."

वेदश्री पुढे आली. तिने डब्याची पिशवी आईपुढे धरली आणि खाली बघत म्हणाली, "ह्याच्यावर पान ठेव की आई. तशीच निघाले होते." जयलक्ष्मीने तिच्याकडे बघितलं. मग तुळशीचं एक पान बुडवलं आणि पिशवीवर ठेवलं. टेबलावर रवीकडून आणलेला अर्ज होता. ती उठली, तिने तो वाचला, सगळा, चष्मा लावून, आणि त्यावरही एक पान ठेवलं. अक्षर हललं नाही. वेदश्रीने पान बाजूला करून सही केली.

"याने परीक्षा काय परत यायची नाही," वेदश्री म्हणाली.

"माहीत आहे. जा तू. बस चुकेल."

ती गेली. प्रभंजनने तीर्थाचं भांडं उचललं, पळी भरली आणि नेहमीसारखी पुढे केली. जयलक्ष्मी समोरच उभी होती. तिने हात पुढे केला नाही. देव्हाऱ्यातली दुसरी, छोटी पळी तिने काढली, त्याच्या हातातल्या भांड्यात बुडवली आणि स्वतःच्या तळहातावर तीर्थ घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. ओला हात तिने डोळ्यांना लावला, डोक्याला लावला, पुसला नाही, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

प्रभंजन तसाच उभा राहिला. त्याच्या हातातली पळी भरलेलीच होती. भरलेली पळी कुणी घेतली नाही तर तिचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.